प्लायवूडच्या पलीकडचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना आजार सगळे आवडायचे. आजारी माणसानं तोंड उघडलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, एकानं सरळ उत्तर दिलेलं नाही," असं ते अंबडच्या बाजारात उभं राहून त्याच पेशंटांच्या तोंडावर सांगत. "कुठं दुखतं विचारलं, तर हा थोरल्या लेकीच्या लग्नापासून सुरुवात करतो. पोटापर्यंत यायला त्याला दोन जावई ओलांडावे लागतात."

जालना जिल्हा झाला त्याच साली त्यांनी दवाखाना टाकला. "मी आणि जिल्हा जुळे. प्रगती दोघांची सारखीच," असं ते म्हणायचे. माणूस उंच, किडकिडीत, नाकाशी कायम तपकिरीची चिमूट. पेशंट बोलू लागला की पेनाच्या टोपणानं टेबलावर ठोकायचे आणि म्हणायचे, "मुद्दा!" पेशंट दचकायचा आणि मुद्दा विसरायचा. सोबत आलेले चार नातेवाईक मग एकदम बोलायला लागायचे. आमच्याकडं कोणीही एकट्यानं आजारी पडत नाही.

माझं दुकान त्यांच्या दवाखान्याच्या अगदी समोर. आधी नुसतं एसटीडी-पीसीओ होतं. मोबाईल आले आणि काचेच्या खोलीत घाम पुसत बोलणारे कमी झाले, तेव्हा मी दोन कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'इंटरनेट' रंगवून घेतलं. नवरा अंकुशनगरला कारखान्यावर. ऊस चालू असला की तो घरी यायचा तो झोपायला. त्यामुळं दुकान माझं, निर्णय माझे आणि कटकटीही माझ्याच. दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये मी प्लायवूडचा आडोसा ठोकून घेतला होता. बसलं की पलीकडचा माणूस दिसत नसे.

डॉक्टरांचा मुलगा पुण्याला शिकत होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं माझ्याच दुकानात बापाचा ई-मेल काढून दिला आणि परत गेल्यावर पहिला मेल पाठवला: मजेत आहे, परीक्षा संपली, शनिवारी येतो. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"ताई, हा पोरगा फोनवर अर्धा तास बोलतो आणि यातलं काहीएक सांगत नाही."

"मग?"

"मग काय! इलाज सापडला."

मला वाटलं, मुलावर इलाज सापडला. पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्याबाहेर पाटी लागली. पहिल्या वेळी स्वतः येऊन तपासून घ्यावे. नंतरची विचारपूस ई-मेलवर करावी. मेल पाच ओळींचा असावा. पाहुणेरावळे, पीकपाणी आणि देवधर्म यांचा उल्लेख नसावा.

आता गावात ई-मेल होता कोणाकडं? कोणाकडंच नाही. कॉम्प्युटर माझ्याकडं, म्हणून सगळा दवाखाना उठून माझ्या दुकानात आला. पेशंट स्टुलावर बसून सांगायचा, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायची, आणि वर पेशंटचं नाव टाकून दुकानाच्या खात्यावरून मेल पाठवायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर नव्हता, मागं घर होतं तिथंही नव्हता. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सांगून ठेवलं होतं की घरात आणखी एक न बोलणारी वस्तू नको. म्हणून सकाळचे पेशंट आटोपले की डॉक्टर रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचे, प्लायवूडच्या पलीकडं दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायचे आणि मेल वाचायचे. कित्येकदा मेल पाठवणारा पेशंट अलीकडं एक नंबरवर बसलेलाच असायचा. त्याला डॉक्टरांचा खोकला ऐकू यायचा, तपकीर ओढल्याचा आवाज ऐकू यायचा. तो आशेनं मान उंच करून म्हणायचा, "डाक्टरसाब, म्या हितंच हाये."

 पलीकडून फक्त एका बोटानं कळा बडवल्याचा आवाज. मग माझ्याकडं मेल यायचा, सगळा मोठ्या अक्षरांत: रात्रीची गोळी जेवणानंतर. मी तो छापून हातात द्यायची. पेशंट कागद कपाळाला लावून जायचा. मी आधी हसायची, नंतर सवय झाली. धंदा धंद्याच्या जागी.

पाच ओळींचा नियम लोकांना झेपला नाही. वाटूरकडची एक म्हातारी होती, रक्तदाबाची. तिनं जन्मभर पत्रं सांगून लिहून घेतलेली, तशीच सांगायला लागली: डॉक्टरसाहेबांना शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे. त्यात तीन ओळी गेल्या. चौथीत कुटुंबाला आशीर्वाद आला. पाचवीत ती म्हणाली, "आता गोळ्याचं लिव्ह, माय." मी म्हटलं, आजी, संपल्या ओळी. तरी मी तसाच मेल पाठवला. पलीकडून लगेच उत्तर आलं: सर्व क्षेम असल्यास गोळी बंद करावी.

म्हातारी घाबरून रडायला लागली. मी उठून आडोशावरून वाकून म्हटलं, "अहो, ती पत्र लिहायची रीत आहे. बरं असलं नसलं तरी तसंच लिहितात."

"मग मी खरं काय समजू?"

"तिला विचारा ना. ती इथं बसलीय."

"मेल करायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

शेवटी मी नमस्कार आणि क्षेम काढून टाकून मेल परत पाठवला. म्हातारीनं मला विचारलं, "नमस्कार न्हाई घातला तर औषद लागू होईन का?"

बाईंचीही तीच तऱ्हा झाली होती. जेवायची वेळ टळली की त्या रस्त्यापलीकडून हाका मारायच्या, डॉक्टर जागचे हलायचे नाहीत. एकदा वैतागून दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "लिही गं. भाकरी थापलीय. गार झाली तर मी जबाबदार नाही." मी पाठवला. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर मुकाट्यानं रस्ता ओलांडून घरी गेले. बाई माझ्याकडं वळल्या. "संसार केला गं इतकी वर्षं, हे आधी कळलं असतं तर!"

आणि मग नाना आले.

नाना मेंढ्या राखायचे. वाडीवर शेत होतं ते मुलं बघायची, नाना आणि कळप मात्र सतत चालतीवर. साठीचा काटक माणूस, डोईला लाल मुंडासं, हातात काठी, पायात टायरच्या चपला. त्यांना साखरेचा आजार निघाला होता आणि चपलेच्या पट्ट्यानं डाव्या पायाच्या बोटाला फोड आला होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा रीतसर तपासलं, पट्टी केली आणि बजावलं, की रोज पट्टी बदला आणि बाजाराच्या दिवशी मेल करा. साखरेच्या माणसाचं बोट बिघडलं तर पायावर बेतेल, हेही सांगितलं.

नानांचा पहिला मेल मला अजून आठवतो. स्टुलावर बसले, काठी भिंतीला लावली आणि घडाघड सांगितलं, "पाय बरा. भूक बरी. झोप बरी. गोळ्या चालू."

"अजून एक ओळ आहे, नाना."

"ऱ्हाऊ दे शिल्लक."

पलीकडं डॉक्टर वाचून इतके खूश झाले, की नियम मोडून आडोशावरून डोकं वर काढलं. "ताई, बघितलंत? बिलकुल मुद्द्याचा माणूस! असा पेशंट पाहिजे."

त्यांनी तो मेल छापून दवाखान्यात भिंतीवर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला पेनानं दाखवायचे. मास्तर असोत, वकील असोत, सगळ्यांना सांगायचे, "या मेंढपाळाकडून शिका." दर बाजाराला नानांचा मेल जायचा, दर बाजाराला पाय बरा असायचा आणि डॉक्टर दर वेळी उत्तर द्यायचे: उत्तम.

गावात मेलला शिव्या न घालणारे नाना एकटेच. मी एकदा विचारलंच, "तुम्हाला बरं जमतं हो, नाना. बाकीचे तर बोंबा मारतात."

नानांनी आडोशाकडं पाहिलं, पलीकडं कोणी नव्हतं. "मेल म्हंजे लई बेस, माय. डाक्टरला पाय दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! माझा थोरला भाऊ असाच. डाक्टरनं पाह्यलं, म्हनला बोट काढू. बोट काढलं. मंग पाऊल. मंग गुडघ्यापस्तोर. भाऊ खाटंवर बसून मेला. ज्यानं बघितलंच न्हाई, तो काढंल कसा?"

"अहो, पण पाय कसा आहे?"

"लिव्ह. पाय बरा," नाना म्हणाले.

मी त्यांना तिथंच सांगितलं की दाखवून घ्या, हा पोरखेळ नाही. ते हो हो म्हणाले आणि गेले. पुढच्या बाजाराला आले तेव्हा लंगडत होते. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी. पिशवी कशाला, तर म्हणे माश्या बसतात. ते स्टुलावर बसले आणि दुकानात असा वास सुटला, की एक नंबरच्या मागं कोणाची तरी जन्मपत्रिका छापून घ्यायला बसलेल्या गुरुजींनी रुमाल नाकाला लावला. पलीकडं डॉक्टर आरामात बसले होते. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलेलं.

"लिव्ह माय जल्दी. मेंढरं मोकळी हायेत. पाय बरा. भूक बरी. झोप बरी. गोळ्या चालू."

मी चार ओळी टाईप केल्या. पेशंट सांगेल तेवढंच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, असा डॉक्टरांचा मला हुकूम होता. पण दुकान माझं होतं. पाचवी ओळ मी माझी घातली: पायाला घाण वास येतो आहे, हे पेशंट सांगत नाही, मी सांगते आहे. आणि पाठवून दिलं.

 पलीकडं खुर्ची जोरात सरकली. डॉक्टर आडोशाला वळसा घालून अलीकडं आले आणि नानांसमोर उभे राहिले. नानांनी पाय स्टुलाखाली ओढून घेतला.

"पाय वर घ्या."

नानांनी शांतपणे मान वर केली. "डाक्टरसाब, तुमच्या पाटीवर काय लिव्हलंय?"

"काय?"

"बोलायचं असंल तं मेल करा. मी हितं बसून ऐकून घेतो."

गुरुजींना हसू आवरेना. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण माणूस तत्त्वाचा. ते वळले, आपल्या जागेवर जाऊन बसले आणि कळा बडवायला लागले. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरून रांगत यायचं. आम्ही तिघं माझ्या पडद्याकडं बघत बसलो. मेल आला. मी मोठ्यानं वाचला. "पाय वर घ्या."

"लिव्ह. न्हाई घेत."

मी लिहिलं. पलीकडून: बोट काळं पडलं आहे का?

"लिव्ह. माझं बोट, माझा रंग."

पलीकडून: जालन्याला सर्जनकडं आजच जायला हवे.

"लिव्ह. सर्जनला म्हनावं मेल कर."

मी हे किती वेळ करत बसायचं? एकीकडं पाय सडून राह्यला होता, आणि एकीकडं दोन म्हातारे हातभर अंतरावर बसून माझ्या बोटांनी भांडत होते. गुरुजी तर पत्रिका विसरून स्टूल पुढं ओढून बसलेले. मी उठले, दाराशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, पडदे काळे झाले.

"लाईट गेली," मी म्हटलं.

आमच्याकडं लाईट जाते यावर कोणी शंका घेत नाही. गुरुजी ओरडले, "अहो, माझे गुरू-शनी गेले की आत!" मी म्हटलं, लाईट आल्यावर येतील बाहेर, जा तुम्ही चहा पिऊन या. ते नाइलाजानं उठले.

मेल बंद, तेव्हा डॉक्टर परत अलीकडं आले. या वेळी खाली फरशीवर बसले. नानांनी पाय हलवला नाही.

"नाना, तू मूर्ख आहेस," ते म्हणाले. पेशंटला समजावण्याची त्यांची सुरुवात अशीच व्हायची.

"असंल."

"मला चार महिने खोटं लिहिलंस."

"तुम्ही भिंतीवर लावलंत. म्या म्हनलो का लावा?"

 डॉक्टरांनी खिशात हात घालून तपकिरीची डबी काढली आणि परत ठेवली. मग एकदम म्हणाले, "मेंढराचं खूर सडलं तर काय करतोस?"

"कापतो."

"सगळा पाय?"

"येडे का खुळे? सडकं तेवढं तासून काढायचं. चांगल्याला हात लावायचा न्हाई. मंग औषद लावून कोरड्यात ठिवायचं."

"आणि मेंढरू नको म्हणालं तर?"

"मेंढरू मेल करत न्हाई," नाना म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग हसू गेलं. "म्या कापतो तव्हा मला ठावं असतं, कुठं थांबायचं. तुमच्या सर्जनला कोन सांगनार? भावाच्या टायमाला कोनी थांबलं न्हाई."

"मी लिहून देतो."

"लिव्हून!" नाना एवढंच म्हणाले.

 डॉक्टर पिशवीची सुतळी सोडायला लागले. गाठ पक्की होती. नखांनी सुटेना, तेव्हा मी कात्री दिली. फडकं निघालं. मी पायाकडं एकदाच पाहिलं आणि उदबत्ती लावायला गेले. बोट काळं होतं. डॉक्टरांनी हातमोजे नसताना आजूबाजूची कातडी दाबून पाहिली, घोट्यापर्यंत. "इथं दुखतं? इथं?" नाना प्रत्येक ठिकाणी काहीतरी सांगत होते. मेंढराच्या पाठीमागं कसा पडलो, कोणत्या रानात काटा गेला, कोणत्या पाहुण्यानं हळद बांधायला सांगितली, सगळं आलं. डॉक्टरांनी एकदाही टेबल ठोकलं नाही. फरशीवर टेबल नव्हतंही म्हणा.

"बोट जाणार," शेवटी ते म्हणाले. "पाऊल राहील, पण आज गेलास तर. मी येतो बरोबर. आत उभा राहतो. जिथं चांगलं लागेल तिथं थांबवतो."

"आत येऊ देतेत तुमाला?"

"कसं देत नाहीत बघतो."

"आन् मेंढरं?"

"मेंढरांचं मी बघते," मी म्हटलं, आणि नानांच्या मुलाला निरोप धाडायला एसटीडीचा फोन उचलला. कळप तोवर बाजारात शिरून भाजीवाल्यांच्या पालकावर तुटून पडला होता. त्याची भांडणं मी वेगळी मिटवली.

डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून नानांबरोबर जीपनं जालन्याला गेले. बाईंना जेवायला नाही म्हणून सांगायचं राहिलं, ते मी सांगितलं. बोट गेलं, पाऊल राहिलं. सर्जनशी डॉक्टरांची आत वादावादी झाली आणि त्यांना दोनदा बाहेर काढलं, असं नानांचा मुलगा सांगत होता. दोन्ही वेळा ते दुसऱ्या दारानं परत आत आले म्हणे. भिंतीवरचा तो मेल त्यांनी परत आल्यावर काढून टाकला. त्या जागी बाकी भिंतीपेक्षा पांढरा चौकोन राहिला. पेशंट विचारायचे इथं काय होतं, तर म्हणायचे, "देव."

पुढं महिनाभर नाना लेकीकडं राहिले आणि जखम भरल्यावर कळप घेऊन जे गेले ते दिसेनात. इकडं डॉक्टरांना चैन पडेना. रोज येऊन मेल उघडायचे. बाजाराच्या दिवशी तर दोनदोनदा. "आला का नानाचा?"

"नाही."

"पाऊस झालाय. चिखलात चालत असेल. जखम परत उकलली असेल तर?"

"मग मेल करा त्यांना," मी म्हटलं.

"कुठं करू? मेंढरांच्या खात्यावर?"

शेवटी कोणीतरी सांगितलं, की नानांचा कळप वाटूरच्या रानात दिसला. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर एसटीत बसले. परत आले ते दिवस कलताना. पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली, चपलेचा अंगठा तुटलेला, डोक्यावर कोणाचं तरी उपरणं. माझ्या दुकानात येऊन दोन नंबरसमोर बसले, पण कॉम्प्युटर लावायला काही सांगितलं नाही. पाणी मागितलं. मी तांब्या दिला.

"भेटले का?"

"कसले भेटतात! मी बांधावर, तो दोन शेतं पुढं. हाका मारल्या, घसा बसला. पळालो सुद्धा. या वयात पळालो, ताई."

"मग पाय कसा आहे?"

त्यांनी तांब्या संपवला, तोंड पुसलं.

"डावीकडं थोडा झुकतो. बाकी बराबर चाललाय. माझ्यापेक्षा जोरात." मग पँटची कुसळं एकेक करून माझ्या झाडलेल्या फरशीवर टाकत एकदम तापून म्हणाले, "नालायक माणूस! एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही."